खडकातली पोकळी कोणाची?



वनहक्काचा दावा टाकताना आपण नेवाडाच्या चारही बाजू चालून मोजल्या. खोली कोणी मोजली नाही. खाली काळा दगड, त्याला कोण विचारतंय! आता विचारणारे निघालेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये नीती आयोगाने कारखान्यांच्या धुरातला कर्बवायू पकडून जमिनीखाली गाडण्याबद्दल अहवाल काढला. देशातल्या काळ्या पाषाणात ९७ ते ३१६ अब्ज टन वायू मावेल असा त्यात अंदाज आहे. (तुमचं शेत तीन एकर ते दहा एकर आहे असं तलाठ्यानं लिहून दिलं तर चालेल का?) हा पाषाण मुख्यतः दख्खनचा, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला. आपला सातपुडा त्यातलाच.

आपल्या पाड्यावर बोअरची गाडी आली म्हणून हे लिहीत नाही. ती येण्याआधी लिहायचं आहे, म्हणून लिहितोय. नर्मदाकाठी मोजणीचे दगड आधी आले, माहिती मागून आली.

आधी हे समजून घेऊ, कारण विज्ञान खोटं नाही. लाव्हाचे थर भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक बसलेत. प्रत्येक थराचा माथा जाळीदार, पोटाचा भाग घट्ट. वायू जाळीत भरायचा, वरचा घट्ट थर झाकण. पाण्यात मिसळलेला वायू सोडावॉटरसारखा आंबट होतो, दगडातला चुना, लोह, मॅग्नेशियम विरघळवतो आणि त्यांच्याशी जुळून स्वतःच दगड बनतो. विहीर खणताना काळ्या दगडाच्या भोकांत पांढरं भरलेलं दिसतं ना, त्यातल्या चुनखडीच्या जातीचा. आइसलंडमध्ये २०१२ साली हा प्रयोग केला, तर दोन वर्षांच्या आत ९५ टक्के वायूचा दगड झाला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २०१३ मध्ये जवळपास हजार टन वायू पाण्याशिवाय दाबून भरला. तिथल्याच खडकात जादा वीज दाबलेल्या हवेच्या रूपात साठवून नंतर काढायची, असाही अभ्यास झालाय.

मग अडचण काय? पहिली अडचण पाणी. आइसलंडच्या रीतीनं एक टन वायू गाडायला सुमारे पंचवीस टन पाणी लागतं. लाख टन वायूला अडीचशे कोटी लिटर! आणि कोळशाचं मोठं वीजकेंद्र वर्षाला याच्या कितीतरी पट वायू सोडतं. समुद्राचं पाणी चालेल म्हणतात, पण धडगावला समुद्र नाही. इथं मे महिन्यात बाया झिऱ्याशी वाटी घेऊन बसतात.

दुसरी गोष्ट, आपली चवड अखंड नाही. नंदुरबार-धुळ्याच्या माळावर दगडी भिंतींसारख्या लांबच लांब टेकड्या उभ्या आहेत. त्या म्हणजे थरांना उभं चिरून वर आलेला लाव्हा, भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. काही ठिकाणी डाइक पाणी अडवतो, काही ठिकाणी त्याच्या कडेच्या भेगेनं पाणी वाहतं. शहाद्याकडे उनपदेवला गरम पाणी वर येतं ते खोलवरूनच. पाण्याला वाट आहे तिथं वायूला नसेलच, हे कागदावर ठरवता येत नाही. कोयनेला २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटरवर संपून खाली ग्रॅनाइट लागला. हे बोअर घ्यावं लागलं, कारण डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि धरणात साठलेलं पाणी यांचा संबंध शोधायचा होता. खोल खडकावर दाब वाढवणं हा खेळ नाही.

पण खरी गोम कायद्यात आहे. जमीन महसूल संहितेचं कलम ४८ खनिजं शासनाची म्हणतं. केरळच्या एका खटल्यात जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याने काढून घेतली नसतील तर खालची खनिजं जमीनमालकाची. पण पोकळी हे खनिज नव्हे! अमेरिकेत वायोमिंग राज्याने २००८ मध्ये कायदा करून ती वरच्या जमीनमालकाची ठरवली. आपल्या सात-बारावर आणि वनपट्ट्यावर तिचा रकाना नाही. म्हणजे उद्या संपादन होईल बोअरपुरत्या अर्ध्या एकराचं, आणि वायू पसरेल दहा पाड्यांच्या खाली. पेसाखाली संपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. इथं सल्ला घेतील एका गावाचा, तोही घेतला तर. बाकीचे नऊ पाडे "बाधित" नाहीत, त्यांची जमीन तर घेतलीच नाही!

उकाई आणि सरदार सरोवरात निदान पाणी घरात शिरताना दिसत होतं.

हवामान बदलतंय, पाऊस हुलकावणी देतो, हे आपणच भोगतोय. धूर गाडायलाच हवा असंही कोणी म्हणेल. पण आधी धूर कमी किती करणार, ते त्यानं सांगावं.

वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने पाण्याचे स्रोत आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: गावाखालच्या खडकाचा वापर आमच्या संमतीशिवाय नाही, वायू जिथवर पसरेल तिथवरचं प्रत्येक गाव बाधित धरावं, पाणी कुठून घेणार ते आधी लिहून द्यावं, कंपनी निघून गेल्यावर लक्ष कोण ठेवणार, त्याचं नाव कागदावर हवं. शिवाय प्रत्येक विहीर, झिरा, हातपंपाची नोंद आत्ताच करा, पाणी किती आणि चव कशी तेही लिहा. नंतर पाणी बिघडलं तर "आधीपासूनच तसं होतं" म्हणतील. ठराव प्रकल्प कार्यालयात आणि तहसीलला द्या, पोहोच-शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.