मालक राज्याबाहेर, जमीन मात्र इथेच!



डहाणूच्या चिकूवाड्यांत आणि तलासरीच्या माळावर अशाही जमिनी आहेत, ज्यांचे मालक गुजरातेत नाहीतर परदेशात राहतात. मालक वारतो. वारस एक दिवस येतात, तलाठ्याकडे वर्दी देतात, फेरफार मंजूर होतो, सातबारावर नावे चढतात. लाखोंची जमीन घाम न गाळता हाती पडते आणि सरकारजमा वारसाकर किती? शून्य!

आमच्या वारल्यांना वारशात काय मिळाले? १९४५ च्या उठावाआधी लग्नाच्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे जन्मभर लग्नगडी म्हणून राबत. सावकाराच्या पोराला जमीन, लग्नगड्याच्या पोराला वेठ. तेव्हा कोणी विचारले नाही की मेलेल्या बापाचे देणे पोराकडून का घेता?

आता वारसाकराचे नाव काढले की ओरड होते, ‘मढ्यावरचे लोणी खाता काय?’ आम्ही सांगतो, हा कर मेलेल्यावर नाही, फुकट मिळणाऱ्यावर आहे. तो या देशात होताही. १९५३ च्या कायद्याने मृत्युकर आला आणि मार्च १९८५ मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो उठवला. कारण दिले की उत्पन्न थोडे आणि वसुलीचा खर्च जास्त. दागिने लपतात, रोकड लपते, हे खरे. पण पंचवीस एकरांची वाडी कोणत्या तिजोरीत लपवणार?

मालक बाहेरचा म्हणून कर घेता येत नाही, हेही खोटे. त्या कायद्यात भारतातली स्थावर मालमत्ता करपात्रच होती, मालक कुठेही राहो. कर हा त्या मालमत्तेवरचा पहिला बोजा होता. राज्यांना वाटा देतानाही स्थावर मालमत्ता कोणत्या राज्यात आहे हेच पाहत, मालकाचा पत्ता नव्हे. शेतजमिनीच्या वारशावर कर बसवण्याचा अधिकार तर घटनेच्या राज्यसूचीतच आहे, नोंद ४७ आणि ४८. त्यासाठी दिल्लीचे तोंड पाहण्याची गरज नाही. गुजरात सरकार डहाणूच्या जमिनीवर हा कर लावू शकत नाही. महाराष्ट्राने लावला नाही, तर तो कोणीच लावणार नाही.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. चिकूचे कलम कुठूनही आणा, ते खिरणीच्या खुंटावर बांधतात आणि मुळे इथल्याच मातीत जातात. झाड पिढ्यान् पिढ्या फळते, खड्डे खणणारा आणि पाणी घालणारा मजूर मात्र सातबारावर कुठेच नसतो.

म्हणून आमच्या मागण्या:

१. मोठ्या शेतजमिनींच्या वारशावर राज्याने कर बसवावा. दर सर्वांना एकच. राज्याबाहेर राहतो म्हणून जादा नाही आणि सूटही नाही.

२. आदिवासी खातेदार व लहान शेतकरी पूर्ण मुक्त.

३. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत वर्दी द्यायचीच असते. त्याच वेळी आकारणी व्हावी आणि कर भरल्याशिवाय फेरफार मंजूर होऊ नये.

४. बोजा जमिनीवर राहावा. कुळाच्या किंवा मजुराच्या अंगावर एक पैसा टाकू नये.

५. पैसा त्याच तालुक्यात विहिरी, बंधारे आणि वनपट्ट्यांच्या मोजणीवर खर्च व्हावा.

ग्रामसभेत ठराव करा, तहसीलवर न्या. जमीन इथली, घाम इथला, कराचा पैसाही इथलाच!