शेतीच्या चित्रफितींचें दफ्तर

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. तेथील ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाचें नांव न ऐकलेला जुना कास्तकार पुलगांवच्या पंचक्रोशींत विरळाच. रोगट पान हातीं धरून तज्ज्ञानें समजावून द्यावें, हें छापील पत्रकास साधणारें नव्हे.

सुरतेचा एच-४ हा संकरित कापूस १९७० चा. एकाधिकार कापूस खरेदी १९७२ त, म्हणजे केंद्राच्याच वर्षीं आली. बीटी वाणास परवानगी २००२ त मिळाली. या तीस वर्षांत कोणतें बीं पेरा, किती वेळां फवारा, असें शेतकऱ्यास काय काय सांगण्यांत आलें, आणि त्यांतलें किती आमच्या कोरडवाहू रानास लागू होतें, हें त्या चित्रफितींइतकें स्पष्ट दुसरें काय दाखवील? परंतु फीत महाग व पुसून पुन्हां वापरतां येणारी वस्तु. नाटकागाण्यांच्या मानानें शेतीच्या फिती जपण्याची कोणास निकड वाटली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. (कपाशीस टाळ्या कोण देणार!)

उरल्या असतील तितक्या फितींची यादी दूरदर्शननें प्रसिद्ध करावी, व नकला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत सर्वांस पाहावयास ठेवाव्या, असा ठराव आपल्या संस्थेनें करावा. चुकलेला सल्लाही त्यांतून गाळूं नये. त्यापायीं कर्ज शेतकऱ्यानेंच काढलें होतें. ठरावाची एक प्रत नागपूरच्या दूरदर्शन केंद्रासही जावी.