बाईचं नाव शेवटी का?

बीडमधल्या ओळखीच्या एका डॉक्टर कुटुंबाने अंटार्क्टिकाची सहल ठरवली. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून बोट सुटते, ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे दोन दिवस लागतात. नवरा, मुलगा, मुलगी यांची नावं लगेच नोंदली गेली. बाईंचं अडलं. सासऱ्यांचं पथ्यपाणी कोण बघणार? ‘तसंही तुला बोट लागेल,’ हेही ऐकवून झालं.

बैठकीत हे सांगितलं तर एक मैत्रीण चिडली. ऊसतोडीच्या बाया सोडून बर्फाच्या गप्पा कशाला? तिचा राग मला कळतो. या सहली नोव्हेंबर ते मार्चमध्ये निघतात, आणि आपल्याकडची कुटुंबं त्याच महिन्यांत कारखान्यावर असतात. तोही सहकुटुंब प्रवासच! नवराबायको मिळून एक कोयता, उचल बहुधा नवऱ्याच्या हातात, आणि दिवसभर तोडून आल्यावर चूल हिच्याच वाट्याला. पाळीने खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढलेल्या इथल्या बायांची बातमी २०१९ मध्ये देशभर गेली.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरी बसावं का? दोघींच्या पैशात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण घर कोणी सांभाळायचं हे दोघींनाही न विचारताच ठरतं. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत १९८३-८४च्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या, सोबत सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. दोघी स्वतःच्या संशोधनासाठी गेल्या होत्या, कुणाच्या कुटुंबीय म्हणून नव्हे.

सहलीवर लाखो रुपये घालणाऱ्या घराला सासऱ्यांसाठी रास्त पगारावर माणूस ठेवता येतो. बाईंना मी तेच सांगितलं. नाव नोंदवायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.