मांडीवरचे पुस्तक

आपली मुले मराठी वाचत नाहीत, ही तक्रार आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती करताना कोणाचा आवाजही चढत नाही. पालक शाळेकडे बोट दाखवतात, शाळा मोबाइलकडे दाखवते, आणि मोबाइलला बोट दाखवायला कोणी उरलेले नसल्यामुळे चर्चा तिथेच संपते. आम्हाला ही तक्रारच मान्य नाही. तीन-चार वर्षांचे मूल पुस्तकाच्या दुकानात एकटे जात नाही आणि आपल्या वाचनाचे माध्यमही स्वतः ठरवत नाही. त्याच्या हाती जे पडते ते आईबापांच्या हातून पडते. जे पडत नाही, तेही आईबापांच्याच हातून राहून गेलेले असते. तेव्हा मुले का वाचत नाहीत, हा प्रश्न बाजूला ठेवून आपण मुलांना का वाचून दाखवत नाही, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. तो अडचणीचा आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच तो विचारत आहोत.

मराठीत लहान मुलांसाठी चांगले काही नाही, ही सबब आता कोणी पुढे करू नये. माधुरी पुरंदरे यांचे काम सर्वांसमोर आहे. शब्द आणि चित्र ही दोन्ही साधने एकाच हाती असलेल्या या लेखिकेने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे पॅरिसमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले, फ्रेंच भाषा शिकवली, फ्रेंचमधून मराठीत अनुवाद केले आणि एवढे जग पाहून आपली लेखणी व कुंचला मराठी मुलांच्या स्वाधीन केला. ‘राधाचं घर’ हा त्यांचा छोट्या पुस्तकांचा संच पाहावा. एक चिमुरडी मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढाच त्याचा विषय. त्यात राजा नाही, राक्षस नाही, शेवटी चिकटवलेले तात्पर्यही नाही. घर आहे, घरातली माणसे आहेत आणि त्यांच्याकडे टक लावून पाहणारे एक मूल आहे. ‘वाचू आनंदे’ या त्यांनी संपादित केलेल्या पुस्तकांतून मराठी साहित्यातले वेचे चित्रांच्या सोबतीने मुलांपुढे येतात. ‘लिहावे नेटके’ लिहिण्याचे वळण लावते. साहित्य अकादमीने २०१४ साली बालसाहित्याचा पुरस्कार देऊन या कामाची दखल घेतली. प्रश्न आहे तो आपल्या घरांनी घेतली का, हा.

राधेचे घर आम्हाला इतके महत्त्वाचे का वाटते? कुटुंब या विषयावर आपण ख्रिस्ती माणसे फार बोलतो. कुटुंबदिन साजरे करतो, विवाहपूर्व शिबिरे घेतो, प्रवचने देतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले आणि आईबाप हे आपल्या शब्दाने व उदाहरणाने मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक असले पाहिजेत, असे सांगितले. लगोलग १९६५ साली शिक्षणविषयक जाहीरनाम्यात मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक त्यांचे आईबाप होत, हेही निःसंदिग्धपणे मांडले. यातल्या ‘उदाहरणाने’ या शब्दाकडे आपले लक्ष जाते. ‘शब्दाने’ हा शब्द मात्र आपण वाचतो आणि विसरतो. मुलाला कपडे, खाऊ, शिकवणी आणि सायकल पुरवली की कर्तव्य संपले असे मानणाऱ्या घरात शब्द कोण पुरवणार? राधा आपल्या माणसांविषयी बोलू शकते, कारण तिच्याशी कोणीतरी बोलत आलेले आहे. आपल्या किती मुलांना आजोबांच्या कामाविषयी, आजीच्या माहेराविषयी सलग पाच वाक्ये सांगता येतील?

शब्दांचे प्रेम ही काही केवळ साहित्यिकांची चैन नव्हे. ओला, ओलसर, दमट, भिजका आणि चिंब या शब्दांत पाण्याचे वेगवेगळे प्रमाण आहे. शिजणे, उकडणे, वाफवणे, परतणे आणि रटरटणे यांत स्वयंपाकघरातली निरनिराळी कामे आणि निरनिराळे आवाज आहेत. ज्या मुलाला हे शब्द मिळतात त्याला तेवढे जग अधिक दिसते. ज्याला सगळीकडे ‘वेट’ आणि ‘कुक’ एवढ्यावरच भागवावे लागते, त्याचे जग तेवढ्याने आकसते. ते इंग्रजी शिकले, असेही म्हणवत नाही, कारण इंग्रजीतले असेच बारकावे त्याला शिकवणारे घरात कोणी नसते. एक भाषा सुटलेली आणि दुसरी हाती न आलेली, अशा मधल्या ओसाडीत आपण मुलांना उभे करत आहोत. वसईत घराघरांमागची बावखले बुजवली गेली आणि त्यांच्या पाठोपाठ ‘बावखल’ हा शब्दही नव्या पिढीच्या तोंडून जाऊ लागला. पाणी गेले त्याची निदान मोर्चे काढून चर्चा झाली. शब्द गेला त्याची नोंदही कोणी घेतली नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पोटापाण्याचा. इंग्रजीवाचून नोकरी नाही, परदेशाची वाट नाही, मग मराठी चित्रपुस्तकांचे कौतुक कशाला? इंग्रजी अवश्य शिकवावे, उत्तम शिकवावे. आमचा विरोध इंग्रजीला नाही. घरात मांडीवर बसलेल्या मुलाशी परक्या भाषेत, तीही मोडकीतोडकी, बोलण्याच्या अट्टहासाला आहे. दुसरी भाषा पहिलीच्या पायावर उभी राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेदेखील शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण असावे, असे म्हटले आहे. फ्रेंच उत्तम जाणणारी लेखिका मराठी मुलांसाठी लिहिते, तेव्हा परकी भाषा आली की आपली टाकून द्यावी लागते हा समज आपोआप खोटा ठरतो.

दुसरा आक्षेप असा की चित्रपुस्तक म्हणजे चार ओळी आणि बाकी चित्रे; त्याला एवढे पैसे का मोजायचे? हा आक्षेप निदान कॅथलिक माणसाने तरी घेऊ नये. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेच्या सेरेनस नावाच्या बिशपांनी आपल्या चर्चमधील चित्रे-मूर्ती फोडून टाकल्या, तेव्हा पोप थोर ग्रेगरी यांनी त्यांना पत्रे लिहून समज दिली. जे अक्षर जाणतात त्यांच्यासाठी जसे लिखाण, तसे जे जाणत नाहीत त्यांच्यासाठी चित्र, हा त्या पत्रांचा आशय. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही वाचण्याचा अधिकार आहे, हे ख्रिस्तसभेने चौदाशे वर्षांपूर्वी ओळखले. आपल्या घरातले दोन वर्षांचे मूल याच वर्गात मोडते. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी ग्रेचो गावी गव्हाण मांडून ख्रिस्तजन्म लोकांच्या डोळ्यांपुढे उभा केला. दर नाताळला आपण गोठा सजवतो तो त्याच परंपरेचा धागा धरून. गोठ्यापुढे मुलाला कडेवर घेऊन हा मेंढपाळ, हे कोकरू, हा तारा, असे जेव्हा आपण दाखवतो, तेव्हा आपण चित्रपुस्तकच वाचत असतो. मग वर्षातले उरलेले दिवस ते मिटून का ठेवायचे? आणि पैशांचे म्हणाल, तर प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मंडप, केक आणि पोशाख यांवर जो खर्च होतो, त्याच्या एका कोपऱ्यात मुलाच्या आयुष्यभराचे पहिले ग्रंथालय मावेल.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. गोष्टी मोबाइलवर आहेत, चित्रे हलतात, बोलतात, मूल शांत बसते. बसते खरे, पण मूल शांत बसणे ही आईबापांची गरज आहे, मुलाची नव्हे. मुलाची गरज मध्येच थांबवून विचारण्याची असते. हा का रडतो? ती कुठे गेली? पुन्हा वाच ना! पुस्तकाचे पान त्याच्या प्रश्नासाठी थांबते आणि वाचणारी आईही थांबते. पडद्यावरचे चित्र थांबत नाही आणि मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतही नाही. पुस्तक वाचून दाखवताना मुलाला गोष्ट तर मिळतेच, शिवाय आईबापांचा आवाज, त्यांची ऊब आणि त्यांचा वेळ मिळतो. या तिन्ही गोष्टी विकत मिळत नाहीत, म्हणूनच त्या देताना आपला हात आखडतो.

या आक्षेपांच्या मुळाशी एक न बोललेली गोष्ट आहे, ती आम्ही बोलून टाकतो. आपल्याला आपल्या भाषेची लाज वाटते. मराठीची थोडी वाटते. कादोडी, वाडवळी अशा घरच्या बोलींची अधिक वाटते. ही लाज ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. तरीही मार्कने प्रभू येशूच्या तोंडचे काही अरामी शब्द जसेच्या तसे जपून ठेवले. याईराच्या मृत मुलीला उठवताना उच्चारलेले ‘तलिथा कूम’, बहिऱ्याचे कान उघडताना उच्चारलेले ‘एफ्फाथा’, पित्याला मारलेली ‘अब्बा’ ही हाक. एका लहान मुलीला जीवन परत देताना प्रभूने जे शब्द वापरले ते तिच्या घरातले होते. प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्र ओळखू आला तो त्याच्या गालीली बोलीवरून. आणि तोच पेत्र पुढे ख्रिस्तसभेचा आधारखडक झाला. त्याची बोली कोणाच्या आड आली नाही. शब्दाने देह धारण केला, अशी आपली श्रद्धा. तो देह एका आईच्या मांडीवर वाढला आणि तिच्याच भाषेत बोलायला शिकला.

आपला स्थानिक इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापून निघाले. या भाषेचा त्यांनी त्यात मुक्तकंठाने गौरव केला. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘बालबोधमेवा’ने एकोणिसाव्या शतकातच मराठी मुलांच्या हाती सचित्र मासिक दिले. परके लोक आपल्या मुलांसाठी मराठीत आले आणि आपण आपल्याच मुलांना घेऊन मराठीतून बाहेर पडत आहोत! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेची वाट मोकळी केली. ज्या मिस्साविधीसाठी आपल्या आजीआजोबांना लॅटिनमध्ये मौन धरावे लागत होते, तो आपल्याला आपल्या भाषेत मिळाला. त्याच मिस्साला बसलेल्या मुलाला वाचन समजत नाही, म्हणून आता कोणत्या परिषदेकडे जायचे?

हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या मुळावर येतो. प्रभूचे दाखले म्हणजे शब्दांनी काढलेली घरातली चित्रेच होत. पिठात कालवलेले खमीर, दिवठणीवरचा दिवा, केर काढताना सापडलेले नाणे, जुन्या वस्त्राला लावलेले ठिगळ, मोहरीचा दाणा. खमीर, दिवठणी, ठिगळ हे शब्द ज्याला घरात कधी ऐकायला मिळाले नाहीत, त्याच्यापुढे दाखला वाचला तरी चित्र उभे राहत नाही. मग आपण व्याख्या पाठ करून घेतो आणि मुलाला धर्म रुक्ष वाटतो, म्हणून हळहळतो.

ख्रिस्ती संस्थांनाही चार शब्द सुनावणे भाग आहे. गावोगावच्या मराठी शाळांनी आपल्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. त्यांतल्या अनेक शाळांचे वर्ग रिकामे होत असताना शेजारी इंग्रजी शाळेचा मजला चढतो, आणि याला आपण काळाची गरज म्हणतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपल्याकडेही अभिनंदनाचे फलक लागले. बालवाडीतल्या मुलाला मराठी बोलला म्हणून दटावणाऱ्यांनी असा फलक लावू नये, एवढेच आमचे म्हणणे.

मग करायचे काय? मोठ्या योजना आम्ही सुचवत नाही. बाप्तिस्म्याला आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाला भेट म्हणून मराठी चित्रपुस्तक देण्याची प्रथा नातेवाइकांनी पाडावी. सोन्याची साखळी कपाटात जाते, पुस्तक हाताळले जाते. प्रत्येक धर्मग्रामाने चर्चच्या सभागृहात मुलांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर एक फळी ठोकावी आणि तिच्यावरची पुस्तके फाटली तर आनंद मानावा. सणाच्या जत्रेत फुग्यांच्या शेजारी पुस्तकांचे एक टेबल असावे. आजीआजोबांनी आपल्या बोलीतल्या गोष्टी बोलीतच सांगाव्यात, शुद्ध-अशुद्धाचा विचार करू नये. आणि सायंकाळच्या जपमाळेनंतर, टीव्ही लावण्याआधी, घरातल्या एका मोठ्या माणसाने घरातल्या एका लहान माणसाला पंधरा मिनिटे वाचून दाखवावे. हे काम बापांनी विशेष करून करावे, कारण ते आईचेच आहे असा एक सोयीस्कर गैरसमज आपल्यात आहे.

आपण मुलांना घर बांधून देतो, जमीन ठेवतो, बँकेत ठेव ठेवतो. त्या घरातल्या माणसांना हाक कशी मारायची, त्यांच्याविषयी काय बोलायचे, दुःख झाले तर ते कोणत्या शब्दांत सांगायचे आणि देवापुढे उभे राहिल्यावर कोणत्या भाषेत रडायचे, हे जर आपण दिले नाही, तर बाकीचा वारसा मुकाच राहील. मूल मांडीवर मावते तो काळ फार थोडा असतो. तेवढ्यात पुस्तक उघडले पाहिजे.