पुतळ्याऐवजी पार

विद्यापीठाच्या आवारात खुणेची वास्तू म्हटली, की चौथऱ्यावरचा पुतळा डोळ्यांपुढे येतो. वर्षातून दोनदा हार, एरवी कावळे! मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यापेक्षा बरा. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसा दिला, आणि १८७८ साली मनोरा पुरा झाला. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सायंकाळच्या जेवणाची वेळ टोल्यांवरून कळे, असे सांगतात. खूण कुणाच्या तरी कामी यावी, ती अशी.

आमच्या खानदेशच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. अक्षरओळख नसलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला! त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्याच साली आमच्या अमळनेरात साहित्य संमेलन भरले होते.

मला विचाराल, तर तिथे कडुनिंबाखाली ऐसपैस दगडी पार बांधावा. मधोमध जाते ठेवावे, आणि कडेने बहिणाबाईंच्या ओळी त्यांच्याच लेवा बोलीत कोराव्यात. एक कानामात्राही न सुधारता. खानदेशचे ऊन असे, की सावलीला मुले न बोलावता येतील.

बाहेर अहिराणीत खळखळून बोलणारा मुलगा माझ्या मराठीच्या तासाला मुका होतो. शुद्ध बोलता येणार नाही, ही धास्ती! शेजारची बोली विद्यापीठाने दगडात कोरलेली पाहिली, तर त्याला आपल्या बोलीची लाज कशाला वाटेल?

खर्चाचे म्हणाल, तर काळा दगड इथे मुबलक आहे. आणि निंबाचे रोप येत्या पावसाळ्यात लावता येईल.