दोनाचे चार करण्याआधी

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कारखाना कितीही लहान असो, कार्यालयात एक संगणक असतोच. त्यावर बिलं निघतात, जीएसटीचं विवरणपत्र भरलं जातं, एखाद्या वर्कशॉपात ऑटोकॅडचं ड्रॉइंगही उघडतं. यंत्र जुनं होऊन रेंगाळायला लागलं की एक सल्ला हमखास मिळतो: ड्युअल-कोअर काढा, क्वाड-कोअर टाका. दोनाचे चार झाले म्हणजे वेग दुप्पट, हा हिशेब ऐकायला इतका सोपा आहे की गिऱ्हाईक लगेच मान डोलावतं. माझ्या मते बहुतेक कार्यालयांसाठी हा खर्च चुकीच्या जागी होतो.

हा पेच नवा नाही. एकाच कोअरचा वेग वाढवत नेला तर चिप तापते, ही अडचण आली तेव्हा 2005 मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनी घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर आणले. 2007 मध्ये इंटेलचा चार कोअरचा क्यू6600 आला. त्याचा वेग 2.4 गिगाहर्ट्‌झ, तर वर्षभरानंतरच्या दोन कोअरच्या ई8400 चा 3 गिगाहर्ट्‌झ. संख्या घ्यायची की वेग, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

त्याचं उत्तर कामाच्या स्वरूपात दडलेलं असतं. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला तो अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपूनच. पण त्याला दिलेली कामं तुकडे पाडून वाटता येण्याजोगी होती. आंब्याच्या मोसमात फळं निवडून पेट्या भरायला दोनाऐवजी चार माणसं बसवली तर काम लवकर उरकतं, पण म्हणून अढीतला आंबा लवकर पिकत नाही. संगणक-अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेल्या विचारातून पुढे याचं गणितच तयार झालं. काम अर्धंच वाटता येत असेल, तर दोन कोअर ते 1.33 पट वेगाने करतात आणि चार कोअर 1.6 पट. दुप्पट नव्हे, जेमतेम वीस टक्क्यांची वाढ. नव्वद टक्के काम वाटता येत असेल, तर मात्र 1.82 वरून 3.08 पर्यंत मजल जाते.

लग्नाचे व्हिडिओ संपादित करणारा स्टुडिओ, थ्रीडी रेंडरिंग, फोटोंच्या ढिगाऱ्यावर एकदम प्रक्रिया: ही दुसऱ्या प्रकारातली कामं. तिथे चार कोअर पैसे वसूल करतात. ऑटोकॅडमधलं नेहमीचं रेखाटन मात्र मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. आणि जीएसटी पोर्टलचं पान उघडत नसेल, तर पलीकडच्या सर्व्हरला तुमच्या कोअरशी काही देणंघेणं नसतं.

एक ठोस उदाहरण घेऊ. एच61 मदरबोर्ड आणि त्यावर आय3-3220, ही 2012 च्या सुमाराची जोडी. दोन कोअर, वेग 3.3 गिगाहर्ट्‌झ. टास्क मॅनेजरमध्ये त्याचे चार आलेख दिसतात म्हणून कुणी त्याला क्वाड-कोअर समजू नये. हायपर-थ्रेडिंगमुळे एकेक कोअर दोन असल्यासारखा दिसतो. त्याच बोर्डावर जुन्या बाजारातला आय5-3470 बसतो, फार तर बायोस अद्ययावत करावा लागतो. कोअर खरोखरच चार होतात, पण एकट्या कोअरचा कमाल वेग 3.6 गिगाहर्ट्‌झच राहतो. म्हणजे एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालणाऱ्या कामात फरक जेमतेम जाणवेल.

त्याऐवजी आधी टास्क मॅनेजर उघडून ठेवा आणि नेहमीचं काम करा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडली असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला. एच61 चे सॅटा पोर्ट 3 गिगाबिटचे, म्हणजे जुन्या वेगाचे. तरीही फरक पहिल्याच दिवशी कळतो. मेमरी भरली असेल तर रॅम 8 जीबी करा. चारही आलेख एकदम माथ्याला टेकले, तरच प्रोसेसरचा विचार करा. एकूण वापर पंचवीस टक्क्यांच्या आसपास अडकून बसला असेल, तर बहुधा एकच धागा पूर्ण ताणला गेला आहे आणि जादा कोअर नुसते बसून राहणार आहेत.

आणखी एक मेख आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे. त्यामुळे चार कोअरचा आय5-7500 यादीबाहेर आणि दोनच कोअरचा पेंटियम गोल्ड जी5400 यादीत! सातव्या आणि आठव्या पिढीचा सॉकेट दिसायला एकच, पण जुन्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. म्हणजे तिथे नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही, बोर्डही बदलावा लागतो.

तेव्हा माझा कौल असा. नवा संगणक घेणार असाल तर दोन कोअरच्या वाटेला जाऊच नका. 2017 च्या आठव्या पिढीपासून डेस्कटॉपच्या साध्या आय3 लाही चार कोअर आहेत. जुनं यंत्र रेटायचं असेल तर एसएसडी आणि रॅमवर थांबा. विंडोज 10 चा आधार संपल्यामुळे, ते इंटरनेटशी जोडलेलं असेल तर लिनक्सचाही विचार करा. आणि कालबाह्य बोर्डावर जुना क्वाड-कोअर बसवण्याचे पैसे नव्या यंत्रासाठी बाजूला ठेवा. दुकानात गेल्यावर कोअर किती हे शेवटी विचारा. पिढी कोणती, हे आधी.