बीपीच्या वहीत हिमोग्लोबिनचा रकाना का नाही?

शाळेत दर आठवड्याला आम्ही मुलामुलींना लोहाची निळी गोळी देतो. परवा गोळी घेता घेता एका मुलीने विचारलं, "मॅडम, माझ्या नानीलाही खूप कमजोरी येते. तिला ही गोळी का नाही मिळत?"

प्रश्न लहान आहे, पण नेमका आहे.

२०१८ ला सुरू झालेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाचा भर लहान मुलं, किशोरवयीन, तरुण बाया, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यावर आहे. नानी त्यात बसत नाही. दुसरीकडे तिशीच्या पुढच्या लोकांची बीपी, शुगर आणि तीन प्रकारच्या कॅन्सरची तपासणी सरकार करतं. नानी इथे बसते, पण या यादीत हिमोग्लोबिन नाही. म्हणजे नातीचं रक्त तपासलं जातं आणि नानीचं बीपी. नानीचं रक्त कोण तपासणार?

आकडेवारीतही हीच फट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांमध्ये ॲनिमिया आहे. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होतं. देशात १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१.३ टक्के बायांना बीपीचा त्रास आहे. बीपी सर्व वयात मोजलं, रक्त मात्र बायांचं ४९ पर्यंतच. पन्नाशीनंतर रक्त आपोआप वाढतं का?

आपल्या घरांतही एक गैरसमज पक्का बसलाय: रक्त कमी म्हणजे बीपी लो. चक्कर आली की लगेच मीठ-लिंबाचं पाणी पाजतात. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीपी म्हणजे नळीतल्या रक्ताचा जोर; हिमोग्लोबिन म्हणजे त्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद. जोर जास्त आणि ताकद कमी, असं एकाच माणसात होऊ शकतं. अशा वेळी मिठाचं पाणी नुकसान करतं.

दोन्ही एकत्र असले की भार हृदयावर पडतो. दाबाविरुद्ध त्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि ऑक्सिजन कमी म्हणून जास्त वेळा धडकावं लागतं. किडनीचाही इथे संबंध आहे. रक्त तयार करण्याचा इशारा किडनीच देते. वर्षानुवर्षांच्या बीपीने ती खराब झाली की रक्त घटतं, आणि खराब किडनी बीपी आणखी वाढवते. अतिउच्च बीपी घेऊन इमर्जन्सीत आलेल्या रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचं रक्त कमी होतं त्यांच्यात पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. ते केवळ रक्त कमी असल्यामुळे दगावले, असं यावरून म्हणता येत नाही. पण कमी रक्त ही धोक्याची चिठ्ठी आहे, एवढं नक्की.

आपल्या नंदुरबारसाठी ही चिठ्ठी वेळेवर वाचणं जास्त गरजेचं आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून किंवा नर्मदाकाठच्या पाड्यातून मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तास निघून जातात. शिवाय इथे सिकलसेलही आहे, प्रामुख्याने आदिवासी समाजात. खानदेशातल्या आपल्या तडवी भावांनीही ही तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मिशन सुरू आहे. सिकलसेलमध्ये नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी काम होत नाही, म्हणून कारण शोधल्याशिवाय औषध नको.

मग करायचं काय? घरात बीपीचा पेशंट असेल तर वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर डॉक्टरांना कारण विचारा. कमजोरी वाटते म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करू नका. रमजान येण्याआधी गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जेवणावर लगेच चहा नको. त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. दस्तरखानावरचं लोणचं-पापडही कमी करा.

बीपी १८० वर १२० किंवा त्याहून जास्त आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं, हातपाय लुळा पडणं किंवा नजर धूसर होणं असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा. शेजाऱ्याची गोळी जिभेखाली ठेवू नका. बीपी एकदम पाडणंही घातक असतं. गरोदर बाईचं बीपी १४० वर ९० झालं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोहल्ल्यात, मदरशात, शाळेत बीपीची शिबिरं होतात, चांगली गोष्ट आहे. आयोजकांना एकच विनंती: बीपीच्या वहीत हिमोग्लोबिनचा एक रकाना वाढवा. बोटातून एक थेंब रक्त घ्यायचं, इतकंच काम. आरोग्य केंद्रातही हीच मागणी करूया. त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तेवढं सांगितलं, "उद्या नानीला घेऊन ये, आपण दोघी तिला उपकेंद्रात नेऊ."